‘प्रवासी साहित्य’ म्हणावं का?

ठाण्यातल्या एका वाचनगटाचा प्रश्न आहे: इंग्रजीतल्या ‘डायस्पोरिक फिक्शन’वर, म्हणजे मायदेश सोडून परदेशी रुजलेल्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर, चर्चा ठेवली आहे, फलकावर ‘प्रवासी साहित्य’ लिहिलं तर चालेल का?

नको. हिंदीत ‘प्रवासी’ हा शब्द ‘परदेशस्थ’ या अर्थाने रुळला आहे, ९ जानेवारीच्या ‘प्रवासी भारतीय दिवसा’मुळे आपल्याही कानावर पडतो. पण मराठीत प्रवासी म्हणजे गाडीत बसलेला, आणि साहित्य म्हणजे सामानसुद्धा. स्टेशनाजवळ असा फलक लावलात तर लोक बॅगांचे भाव विचारायला येतील.

‘अनिवासी’ बँकेच्या फॉर्मात ठीक. पात्राने तिकडचं नागरिकत्व घेतलं की तेही लागू होत नाही. ‘विस्थापित’ फारच जपून. नवी मुंबई वसवताना ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या गावांत हा शब्द आणि ‘प्रकल्पग्रस्त’ आजही जिवंत आहेत. व्हिसा काढून आपखुशीने गेलेल्या इंजिनिअरला तो लावलात तर तिथला आगरी-कोळी वाचक हसेल किंवा चिडेल.

राहिला ‘स्थलांतरित’. (‘रि’ ऱ्हस्वच, ‘स्थलांतरीत’ सर्रास दिसतं.) पहिल्या पिढीला तो चपखल बसतो, घोळ होतो दुसऱ्या पिढीपाशी. नायिका न्यू जर्सीतच जन्मली असेल तर तिने स्थलांतर केलेलंच नाही, तरी ‘तू मूळची कुठची?’ हे तिलाच विचारतात. बऱ्याच कादंबऱ्यांचा पेच नेमका हाच. म्हणून ‘डायस्पोरा’ लागतो: त्यात जाण्याची क्रिया दुय्यम, पिढ्यान्‌पिढ्या उरलेला मूळ जागेशी धागा महत्त्वाचा.

शब्द ग्रीक, अर्थ विखुरणं. रूढ झाला तो मुख्यतः ज्यूंच्या संदर्भात. त्याचा नमुना ठाण्यातच आहे. इथलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८७९ सालचं, बेने इस्रायली या ज्यू समाजाचं. हा समाज कोकणात राहून मराठी झाला, आणि १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. इस्रायलच्या नजरेने ते डायस्पोरातून घरी परतले. मराठीच्या नजरेने तेव्हाच आपला डायस्पोरा झाले. तेव्हा शब्द निवडण्याआधी निवेदक कुठे उभा आहे ते पाहा.

फलकावर ‘डायस्पोरा कथा-कादंबरी’ लिहा, खाली बारीक अक्षरात ‘परदेशी रुजलेल्या भारतीयांच्या पिढ्या’. चर्चेत ‘आयडेंटिटी’ हा शब्द येईलच, त्यासाठी ‘अस्मिता’ टाळा, तिला आपल्याकडे मोर्च्याचा वास येतो, ‘ओळख’ पुरे. कॅमेरा-कॅमेऱ्यात या चालीवर ‘डायस्पोऱ्यातल्या’ व्हायला हवं खरं, पण ते कुणी वाचणार नाही. ‘डायस्पोरातल्या’ बिनधास्त लिहा.