हळदीतील करक्यूमिन आणि स्तनाचा कर्करोग

प्रश्न : माझ्या मावशीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून सध्या तिला टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. हळदीतील करक्यूमिनमुळे कर्करोगाच्या पेशी मरतात असे वाचून एका नातेवाइकाने तिला मिरीचा अर्क घातलेल्या करक्यूमिनच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्या तिने घ्याव्यात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नातेवाइकांनी वाचलेले खोटे नाही, मात्र ते प्रयोगशाळेतील पेशींविषयी आहे. स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनात एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या पेशी वर्षानुवर्षे वापरल्या जातात. त्यांच्यावर करक्यूमिन घातले की पेशींना तग धरायला मदत करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचे काम मंदावते, पेशींची वाढ थांबते आणि त्यांतील बऱ्याच मरतात. गंमत म्हणजे, ज्याला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखतो तोच पदार्थ जास्त प्रमाणात या पेशींमधील ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतो आणि पेशी मरण्यामागे तेही एक कारण असते.

अडचण आहे ती प्रमाणाची. या प्रयोगांत करक्यूमिन साधारणपणे १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात पदार्थ किती विरघळला आहे हे मोजण्याचे एकक) इतके वापरतात. उलट माणसाला दिवसाला तब्बल ८ ग्रॅम करक्यूमिन दिले, तरी रक्तातील सर्वाधिक पातळी सरासरी २ मायक्रोमोलरच्या आतच राहिल्याचे आढळले आहे, कारण ते आतड्यातून फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे यकृतात झपाट्याने रूपांतर होते. मिरीतील पायपरिन हे रूपांतर रोखते, म्हणूनच ते कॅप्सूलमध्ये घालतात. पण औषधांवर प्रक्रिया करणाऱ्या विकरांनाही ते अडवते, आणि आपल्या मावशींच्या बाबतीत खरी काळजी याचीच आहे.

टॅमॉक्सिफेनचे यकृतात एंडॉक्सिफेन होते आणि औषधाचा बराचसा परिणाम त्यावर अवलंबून असतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांच्या अभ्यासात रोज ३,६०० मिलिग्रॅम करक्यूमिन पायपरिनसह दिल्यावर एंडॉक्सिफेनचे रक्तातील प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास लहान आहे, त्यावरून रोग उलटेल असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या कॅप्सूलचा रुग्णांना होणारा फायदा सिद्ध झालेला नाही, तिच्यासाठी उपयोग सिद्ध झालेल्या औषधाची पातळी खाली आणण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. माझे मत स्पष्ट आहे : कॅप्सूल घेऊ नयेत.

स्वयंपाकातील हळदीला मात्र हे लागू होत नाही. हळदीत करक्यूमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे ३ ग्रॅम हळदीतून जेमतेम ९० मिलिग्रॅम मिळते; आमटी-भाजीतली हळद सोडण्याचे कारण नाही. कॅप्सूल घेणे सुरू झाले असेल तर त्या थांबवून डबी कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी. हळदीच्या अशा पूरक गोळ्यांमुळे, विशेषतः त्यांत पायपरिन असताना, यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. त्यामुळे डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा अंगाला खाज सुटणे असे काही आढळल्यास पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.