शाळा सुटू नये म्हणून: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नागपूर शहरातल्या वस्त्यांमधून आणि कामठी, कुही, काटोल या तालुक्यांमधून आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. वस्तीच्या बळावर मुलांना शाळेत टिकवून ठेवण्याचं काम करणाऱ्यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत महिला बचत गट आणि तरुणांचं मंडळ मिळून शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी काही करणार आहोत. विहारात संध्याकाळची शिकवणी सुरू करावी, असं बहुतेकांचं मत आहे. तिथूनच सुरुवात करावी का?

शिकवणी नंतर, आधी यादी. शिकवणीचा फलक लावला की पहिल्या दिवशी येतात ती नेमाने शाळेत जाणारी मुलं. ज्यांच्यासाठी खटाटोप केला, ती फिरकतही नाहीत. महिनाभरात वर्ग भरलेला दिसतो, सगळ्यांना बरं वाटतं आणि शाळा सुटणारं पोरगं मात्र तिकडे सुटून जातं.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. त्याआधी दोन आठवडे घरोघर फेरी काढा. एक बाई आणि एक तरुण अशी जोडी, एका जोडीकडे चाळीसेक घरं, वेळ संध्याकाळी ६ ते ८. सकाळी गेलात तर बाया कामावर गेलेल्या असतात आणि उत्तरं शेजारी देतात. दोनशे पानी रजिस्टर घ्या आणि ३ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलासाठी एक ओळ ठेवा : नाव, जन्मवर्ष, शाळा, इयत्ता, लहान भावंडांना कोण सांभाळतं, घरची माणसं वर्षातून कोणत्या महिन्यांत बाहेरगावी कामाला जातात. आधार, जात, उत्पन्न यातलं काहीही या फेरीत विचारू नका. ते विचारलं की सरकारी सर्व्हे आला असं वाटतं आणि मग खरं कोणी बोलत नाही.

‘मुलगी शाळेत जाते का?’ या प्रश्नाला प्रत्येक घरातून ‘हो’ येतं. त्यापेक्षा मुलीलाच म्हणा, ‘मागच्या वर्षीच्या वह्या दाखव बरं.’ वहीतली शेवटची तारीख बघा. मार्च-एप्रिलची असेल तर ठीक. दिवाळीनंतर पानं कोरी असतील, तर ती मुलगी पटावर असली तरी शाळेतून निघाली आहे. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लाल खूण करा.

दुसरी लाल खूण सांध्यावरच्या, म्हणजे एक शाळा संपून दुसरीत जाणाऱ्या मुलांना. शाळा सुटते ती बहुतेक वेळा अशा सांध्यावर. कुठे शाळा चौथीपर्यंतच असते, कुठे सातवीपर्यंत. मग नवी शाळा, नवा रस्ता, नवे दाखले. आठवीनंतर तर सगळंच एकदम संपतं : शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण, दुपारचा पोषण आहार, मोफत पुस्तकं. चौथी, सातवी आणि आठवी पास झालेल्या प्रत्येक मुलाचं पुढच्या शाळेत नाव लागलं का, हे शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बघा. नाव लागलं असेल तर मूल पहिल्या दिवशी गेलं का, तेही बघा.

यानंतर मुख्य काम, हजेरी. मुख्याध्यापकांना शाळा व्यवस्थापन समितीमार्फत पत्र द्या आणि दर शनिवारी वस्तीतल्या गैरहजर मुलांची नावं मागा. कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. त्यात तुमच्या वस्तीतलं कोण आहे ते शोधा, कित्येकदा त्या बाईंना आपण सदस्य असल्याचं माहीतच नसतं. शाळेने नावं दिली नाहीत तर वस्तीतलीच दोन मोठी मुलं रोज कोण आलं नाही ते सांगू शकतात.

नियम एकच ठेवा : सलग ३ दिवस मूल दिसलं नाही, की चौथ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी घरी जायचं. आपल्याकडे महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य धरतात. तितके दिवस थांबलात तर मूल कामाला लागलेलं असतं, हातात पैसा आलेला असतो आणि वर्गात बसायची लाजही वाटू लागते. चौथ्या दिवशी कारण लहान असतं : चप्पल तुटली, बाईंनी वहीवरून बोल लावला, आईला ताप आला. सहावी ते आठवीचे वर्षाला २२० दिवस धरले आहेत. महिन्याला दोन-अडीच दिवस बुडाले तर वर्षाचे बाविसेक, म्हणजे दहावा हिस्सा गेला. म्हणून तुटक गैरहजेरीवरही लक्ष ठेवा. दर सोमवारी न येणारं मूल तीन दिवसांच्या नियमात कधीच सापडत नाही.

दारात उभं राहून ‘काऊन नाही पाठवलं?’ असं विचारलं की दार बंद झालंच म्हणून समजा. ‘पोरगी तीन दिवस दिसली नाही, बरी हाय ना?’ एवढं पुरे. आई स्वतःच सांगू लागते. कायद्याची भीती घालू नका, शिक्षकांनाही पहिल्या भेटीत सोबत नेऊ नका. भेट झाली की रजिस्टरमध्ये तारीख, कारण आणि काय ठरलं हे तीन शब्दांत लिहा. दोन महिन्यांनी कारणांचा रकाना वाचा. त्यात ‘लहान भाऊ’ आठ वेळा आलं असेल तर तुमच्या वस्तीला शिकवणीची नव्हे, अंगणवाडीची वेळ वाढवण्याची किंवा पाळणाघराची गरज आहे.

प्रश्न : आमचा वर्ग सुरू आहे. सातवीतल्या काही मुलांना दुसरीचं पुस्तकही वाचता येत नाही. गृहपाठ करून घेतो, पण ती हळूहळू यायची बंद होतात. काय चुकतंय?

गृहपाठ करून घेताय, तिथेच चुकतंय. ज्याला वाचता येत नाही तो उत्तर उतरवून काढतो. वही भरते, डोकं रिकामंच राहतं, आणि आपल्याला येत नाही हे त्याला रोज नव्याने कळतं. शाळा सोडणाऱ्या कित्येक मुलांच्या मुळाशी गरिबीइतकीच ही रोजची मानहानी असते.

इयत्ता बाजूला ठेवा. प्रत्येक मुलाला एकेकटं, दुसऱ्यांच्या कानाआड बसवून पाच मिनिटं वाचायला द्या. आधी चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद. तो जमला तर आठ-दहा ओळींची गोष्ट. नाही जमला तर ‘घर’, ‘पाणी’, ‘चूल’ असे शब्द. तेही नाही तर सुटी अक्षरं. जिथे अडतं तो त्याचा स्तर. गणितातही तसंच : एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मग स्तरानुसार गट करा. अक्षर-शब्दांच्या गटात एका कार्यकर्त्यामागे १० ते १२ मुलं, पुढच्या गटात २० पर्यंत चालतील. ‘प्रथम’ या संस्थेने देशभर रुजवलेली ही पद्धत आहे.

रोज दीड तास पुरतो. त्यातली ४० मिनिटं वाचन, ४० मिनिटं गणित, उरलेली खेळ किंवा गप्पा. वाचनात आधी मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा, मग सगळ्यांनी बोट ठेवून वाचायचं, मग शब्दांचे पत्ते मांडून तीच वाक्यं बनवायची, शेवटी स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहायच्या. चुकलं तरी लाल पेन नको. दर १५ दिवसांनी पुन्हा तपासा आणि स्तर ओलांडला की त्याच दिवशी गट बदला. इथे बहुतेक वर्ग ढिले पडतात : गट एकदा केले की वर्षभर तेच राहतात, मग त्यालाच ‘ढ मुलांचा गट’ असं नाव पडतं.

मोठ्या मुलाला पहिली-दुसरीच्या पोरांशेजारी बसवू नका. तेरा वर्षांच्या पोराला बडबडगीतांचं पुस्तक देऊ नका. बसचा बोर्ड, दुकानाची पावती, क्रिकेटची बातमी, मोबाइल रिचार्जचा मेसेज हेच त्याचं पाठ्यपुस्तक. आणि येणं टिकवायला मैदान फार कामाला येतं. नागपुरातच विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तो चेंडूभोवती मुलं जमतात या साध्या गोष्टीवर उभा राहिला. आधी अर्धा तास खेळ आणि लगेच वर्ग, असा क्रम ठेवा. उलटा ठेवलात तर मुलं थेट खेळायच्या वेळेलाच येतात.

प्रश्न : कामठी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या विटाभट्ट्यांवर छत्तीसगडची कुटुंबं येतात. मुलं सहा-सात महिने इथेच असतात. शाळेत नेलं तर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणि आधार मागतात. कुहीकडे मिरचीच्या सातऱ्यांवर (मिरची खुडण्याच्या जागांवर) येणाऱ्या मुलांचंही तेच. काय करावं?

कायदा मुलांच्या बाजूने आहे, फक्त तो मुख्याध्यापकांसमोर शांतपणे ठेवावा लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ : दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ : वर्षाच्या मधेही प्रवेश द्यायचा. कलम ४ : मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

एका कागदावर मुलांची नावं, अंदाजे वय, मूळ गाव-जिल्हा, आधीची शाळा आणि भट्टीचं ठिकाण लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी ‘उद्या या’ला अंत नसतो, पोच हातात असली की काम हलतं. आठवड्यात हललं नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. महानगरपालिका हद्दीत मनपाच्या शिक्षण विभागाकडे जा. शाळेतले बालरक्षक शिक्षक कोण आहेत तेही विचारा, शाळाबाह्य मुलांना परत आणण्यासाठीच त्यांना नेमलेलं असतं.

भाषेकडे दुर्लक्ष करू नका. छत्तीसगडी बोलणाऱ्या मुलाला एकदम मराठी वर्गात बसवलं तर ते महिनाभर गप्प बसतं आणि मग यायचं थांबतं. हिंदी माध्यमाची शाळा आवाक्यात असेल तर तिथे घाला. नसेल तर पहिले दोन महिने एक हिंदी बोलणारा कार्यकर्ता अर्धा तास सोबत बसू द्या.

आणि परतीची तयारी पहिल्याच महिन्यात करा. पावसाळ्याआधी भट्ट्या बंद होतात, कुटुंब एका रात्रीत ट्रकमध्ये बसतं. आपल्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. त्यावर इयत्ता, हजेरी, कुठपर्यंत शिकलं हे लिहिलेलं असतं. ते वेळेआधी भरून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. मुकादमाच्या हातात देऊ नका.

प्रश्न : माझी पुतणी आठवी पास झाली. पुढची शाळा ६ किलोमीटरवर. वहिनी म्हणते, रोवणीला (धानाच्या लावणीला) हात लागतो, आणि रस्ताही सुना आहे. दादा-वहिनींना कसं समजवावं?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे नुसत्या समजावण्याने भागणार नाही. रस्त्याचं आधी बघा. अहिल्याबाई होळकर योजनेत गावातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तो कसा काढायचा ते शाळेत किंवा एसटीच्या आगारात विचारा. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र अशी जोड देऊन आगार व्यवस्थापकांना भेटा. एकट्या पालकाच्या तोंडी विनंतीने वेळ सहसा बदलत नाही. बस नसेल तर गावातल्या चार-पाच मुली मिळून एका वेळी निघतील असं बसवा आणि सुन्या टप्प्यावर आठवडा-आठवडा वाटून एकेका घरच्या मोठ्या माणसाने उभं राहावं. एकटी मुलगी आठवीनंतर थांबते, पाचजणी सहसा एकत्र थांबत नाहीत.

रोवणीचे दिवस बुडतील, हे मान्य करून चाला. पण किती, ते वहिनीशी आधीच ठरवा : दहा दिवस, पंधरा दिवस. शाळेला कळवा, मैत्रिणीची वही रोज घरी येईल असं करा आणि परतायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तारीख नसली की रोवणीनंतर निंदण येतं, त्यानंतर कापणी.

पैशाची बाजूही आहे. मुलगी आठवीत असतानाच एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुतणीची ती संधी गेली असेल तर धाकट्यांची जाऊ देऊ नका. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण लागतं, ते राहिलं की पैसे थांबतात. वडील किंवा आई हयात नसेल अशा घरासाठी बालसंगोपन योजना आहे, त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करायचा.

लग्नाची बोलणी कानावर आली तर वाट बघू नका. गावात ग्रामसेवक (पदाचं आताचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, नववी नापास, गॅरेजवर जातो. आता शाळेत परत जाणार नाही म्हणतो. काही मार्ग आहे का?

आहे, आणि गॅरेज लगेच सोडायलाही लावू नका. दोन वाटा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. तो परीक्षेच्या आधीच्या वर्षीच ऑनलाइन भरावा लागतो आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून जुन्या शाळेतून दाखला आजच काढून ठेवा. दुसरी वाट एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. तिथे पाच विषय निवडायचे, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. नापासाची धास्ती बसलेल्या मुलाला ही दुसरी वाट सोसते. पहिल्या खेपेला दोनच विषय द्यायला लावा, त्याला सोपे वाटतील ते.

गॅरेजच्या मालकाशी बोलून आठवड्यातून तीन संध्याकाळी ६ वाजता सुट्टी ठरवून घ्या. बहुतेक मालक ऐकतात, फक्त वडिलांनी एकटं न जाता वस्तीतल्या दोघांना सोबत न्यावं.