स्वतःचं फार्मसीचं शिक्षण नसताना मेडिकल टाकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण बी. कॉम. झालंय, बाजारपेठेत स्वतःचा गाळा आहे आणि ओळखीचे एक गृहस्थ त्यांच्या डी. फार्म. झालेल्या मुलाचं सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने द्यायला तयार आहेत. मुलगा दुकानात येणार नाही, फक्त कागदावर राहील.

मेडिकल तुमच्या नावाने निघू शकतं, मालक फार्मासिस्टच असला पाहिजे अशी अट नाही. पण सर्टिफिकेट भाड्याने घेऊन काढू नका. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी रोज काउंटरला उभा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी परवान्याचं. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली किरकोळ विक्रीला नमुना २० आणि नमुना २१ असे दोन परवाने लागतात. लसी, सिरम, इन्सुलिन वगैरे २१ मध्ये येतं, बाकीची बहुतेक औषधं २० मध्ये. परिशिष्ट एक्सची, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाखालची औषधं ठेवायची असतील तर २०-एफ वेगळा, पण नव्या दुकानाने त्या भानगडीत न पडलेलं बरं. गाळा किमान १० चौरस मीटर हवा, फ्रिज हवा. जागेची कागदपत्रं, नकाशा, फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि नेमणूकपत्र जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करायचा. औषध निरीक्षक जागा पाहून जातात, मग परवाना मिळतो. २०१७ च्या दुरुस्तीपासून त्याचं नूतनीकरण नसतं. दर ५ वर्षांनी फी भरली की तो चालू राहतो. या सगळ्यात अवघड असं काही नाही.

खरी गोष्ट फार्मासिस्टची. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं पाहिजे, असं याच औषध कायद्याखालचा नियम ६५ सांगतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ हेच बजावतं. म्हणजे दुकान उघडं असेल तितका वेळ माणूस हजर हवा. तुम्ही सकाळी आठ ते रात्री दहा चालवणार असाल तर एका फार्मासिस्टवर भागणार नाही, हे आधीच हिशेबात धरा. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात याच मुद्द्यावर मोठी मोहीम झाली होती आणि केमिस्टांनी बंदही पाळले होते. तेव्हा हा नियम अनेकांना जाचक वाटला. मला तेव्हाही तो योग्य वाटत होता, आजही वाटतो.

का, ते सांगतो. गुडघे दुखतात म्हणून एखाद्या आजी 'ती लाल गोळी द्या' म्हणत डायक्लोफेनॅकची रिकामी स्ट्रिप पुढे करतात. त्याच पिशवीत वॉर्फरिनचं, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं पाकीट असतं, हृदयाची झडप बदललेली असते. दोन्ही एकत्र पोटात गेली तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. विचारणारा माणूस काउंटरला असेल तर ही गोष्ट तिथेच अडते आणि आजींना डॉक्टरांकडे परत पाठवता येतं. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं सर्टिफिकेट काही विचारत नाही.

शिवाय रोजचं काम असतं. २०१४ पासून परिशिष्ट एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी, लागू आहे. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, सेफिक्झिम ही त्यातली नेहमीची नावं. लेबलवर लाल चौकट असते. ही औषधं दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. चिठ्ठीवर एका कंपनीचं औषध असताना दुकानदाराने परस्पर दुसरं द्यायचं नाही, घटक तेच असले तरी. निरीक्षक आले की खरेदीची बिलं, विक्रीची बिलं आणि रजिस्टर यांचा मेळ घालून बघतात. फार्मासिस्ट गैरहजर सापडला तर परवाना निलंबित होतो, प्रसंगी रद्दही. आणि परवाना नसताना औषधं विकली तर १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २७ खाली किमान ३ वर्षं कैद आणि किमान १ लाख रुपये दंड आहे.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. त्या मुलालाच विचारा, भाड्याऐवजी नीट पगारावर पूर्णवेळ येतोस का? त्याच्या शिक्षणाचं चीज होईल आणि तुम्हालाही रात्री झोप लागेल. पुढे तो सोडून गेला तर महिन्याच्या आत प्रशासनाला कळवायचं आणि दुसरा नेमेपर्यंत चिठ्ठीची औषधं द्यायची नाहीत. तसं नको असेल तर होलसेल बघा. नमुना २०-बी आणि २१-बी साठी पदवीधर आणि औषधविक्रीच्या कामाचा १ वर्षाचा अनुभव असलेला सक्षम माणूस चालतो. तुमची पदवी आहेच. एखाद्या परवानाधारक होलसेलरकडे वर्षभर काम केलंत तर तो माणूस तुम्ही स्वतःच होऊ शकता. गाळा पळून जात नाही, तोवर भाड्याने देऊन टाका.