ज्युदो, कुस्ती, कराटे, जिम आणि दारामागचा वजनाचा तक्ता

ताई, पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तुमचा प्रश्न असा की मुलगी बारावी आर्ट्सला आहे, पाचोऱ्याहून आठवड्यातून तीन दिवस गाडीने जळगावला ज्युदोला जाते, उरलेल्या दिवशी गावातल्या तालमीत कुस्ती, सकाळी कराटेचा क्लास, रात्री जिम, दहावीला ७१ टक्के होते ते अकरावीत ५८ वर आले, तर आता तिने पोलीस भरतीची तयारी करायची की बीपीएडचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं, बघायचं. मार्कांचं मला फारसं टेन्शन नाही. इतकं सगळं करून ५८ टक्के पाडणारी पोरगी आळशी नक्कीच नाही.

मला टेन्शन आलं ते तुमच्या मधल्या चार ओळींचं, ज्या तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. स्वयंपाकघराच्या दारामागे तिच्या वजनाचा तक्ता लावलाय, रोज सकाळी तिचे पप्पा वजन घेऊन लिहितात, वाढलं तर रात्रीची भाकरी बंद. ५२ किलोच्या गटातून ४८ मध्ये उतरायचं म्हणून मागच्या स्पर्धेआधी दोन दिवस पाणी कमी केलं आणि रेनकोट घालून पळवलं. नडगीचं हाड दुखतं, रात्री झोपेत कण्हते. आणि पाळी दिवाळीपासून आलेली नाही, त्यावर पप्पांचं म्हणणं की खेळाडू मुलींचं असं होतंच, उलट बरंय.

बरं नाहीये ताई. अजिबात बरं नाहीये. सलग तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरकडे जायचं, हा साधा नियम आहे आणि खेळाडू मुलीला तो माफ नाही. व्यायाम खूप आणि जेवण कमी असं बरेच दिवस चाललं की शरीर आधी पाळी बंद करतं, कारण त्याला जगण्यापुरतीच शक्ती उरवायची असते, आणि मग हाडं कच्ची राहायला लागतात. ह्या वयात हाडात जी भर पडते ती पुढे आयुष्यभर पुरवायची असते, पंचविशी-तिशीनंतर ती भर फारशी घालता येत नाही. नडगीचं दुखणं ह्याच साखळीतलं असू शकतं, हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते आणि ती सुरुवातीला साध्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतसुद्धा नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला सोडू नका. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ह्या सगळ्या प्रकाराला वेगळं नाव देऊन जगभरच्या कोच लोकांना सावध केलंय, म्हणजे हे माझं काही आईपणाचं हळवं बोलणं नाही.

आणि ते पाणी बंद करणं, रेनकोट. १९९७ साली अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच घाम काढून वजन उतरवताना मेले, धडधाकट तरणी पोरं, त्यानंतर तिकडे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. आपल्याकडे विनेश फोगाटचं पॅरिसला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, रात्रभर जागून, न खाता-पिता घाम काढूनही १०० ग्रॅम राहिलेच आणि फायनल गेली. ती जागतिक दर्जाची, सोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, अख्खी टीम. तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि सोबत कोण, तर पप्पा आणि वजनकाटा. हे आजपासून बंद. स्पर्धा कुठलीही असो, कितीही जवळ आलेली असो. अठरा वर्षांच्या आतल्या पोरीने आहे त्या वजनाच्या गटात खेळायचं, वाढतं वय आहे, वजन वाढणारच, ५७ च्या गटात गेली तर ५७ मध्ये खेळेल.

त्या भाकरीचं पण बोलते. आपली कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, तुरीच्या डाळीचे फुनके, वरण-बट्टी, केळी तर आपल्या जिल्ह्यात पिकते, परवडत असेल तर अंडी, दूध. ह्या पोरीला महागाच्या पावडरच्या डब्याची गरज नाही, पोटभर जेवणाची आहे, आणि रात्रीच्या जिमनंतरची भाकरी ही तर तिची सगळ्यात महत्त्वाची भाकरी. तीच तुम्ही काढून घेताय.

आता तिच्या पप्पांबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते चारचौघात सांगतात 'मनी आंडेर वाघीण शे', म्हणजे माझी पोरगी वाघीण आहे, स्वतःची मोटरसायकल विकून त्यांनी तिला ज्युदोचे ड्रेस आणि मॅट घेऊन दिली, गावाने नावं ठेवली तरी तालमीत पोरांबरोबर उतरवली. असा बाप खान्देशात अजूनही रोज भेटत नाही आणि त्याचं मोल मला पुरेपूर कळतं. पण अभिमान वेगळा आणि पोरीच्या ताटावर पहारा वेगळा. कुठला खेळ, कुठला गट, किती खायचं, कधी झोपायचं, हे सगळं एकच माणूस ठरवतो आणि जिच्या अंगावर हे सगळं चाललंय तिला कोणी विचारतच नाही. पूर्ण पत्रात तिने स्वतः काय म्हटलंय ते फक्त एका ठिकाणी आलंय, त्यावर मी खाली येते. तुम्हालाही स्पष्टच सांगते ताई, तो तक्ता तुमच्या स्वयंपाकघरात लागलाय. तुम्ही तो काढू शकता.

ह्या सगळ्या धावपळीच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या घरात नाही, मला येणाऱ्या पत्रांमध्ये कायम असतो. जितके खेळ जास्त तितकी सर्टिफिकेटं जास्त आणि तितका सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू कोट्यात चान्स जास्त. असं नसतं. कोट्यात सर्टिफिकेटं मोजत नाहीत, एका मान्यताप्राप्त खेळात, मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या अधिकृत स्पर्धेत, कुठल्या पातळीवर कितवा नंबर आला हे बघतात, आणि पद जितकं वरचं तितकी ती पातळी वरची लागते. त्यातही प्रमाणपत्राची आधी पडताळणी करून घ्यावी लागते, आपल्या खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते काम नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे चालतं, आणि नुसता भाग घेतल्याचा कागद तिथे बहुतेक वेळा कामाचा ठरत नाही. कराटेचा ब्लॅक बेल्ट ही तर क्लासने दिलेली पायरी, ती स्पर्धेतली कामगिरीच नाही. त्यावर लिहिलेलं इंटरनॅशनल हे बऱ्याचदा नुसतं त्या संस्थेच्या नावातलं असतं. बेल्टच्या परीक्षेला दरवेळी फी भरून जमवलेली फाईल घेऊन पोरं भरतीच्या वेळी माझ्याकडे येतात तेव्हा त्यातले दोन कागद निघतात कामाचे, तेसुद्धा नशीब असेल तर. त्यामुळे चार खेळांत जिल्ह्यापर्यंत जाण्यापेक्षा एका खेळात राज्यावर मेडल, हा हिशोब पप्पांना कागदावर मांडून दाखवा, ते हिशोबी दिसतात, पटेल त्यांना.

म्हणजे बाकीचे खेळ सोडायचे का? नाही, मी तसं म्हणत नाहीये, उलट ज्युदो आणि कुस्ती एकमेकींना फार छान पूरक आहेत, पकड, तोल मोडणं, जमिनीवरची झुंज, कुस्तीवाली पोरगी ज्युदोत खाली पडल्यावर घाबरत नाही. फक्त एक मुख्य आणि बाकीचे त्याच्या मदतीला, हे ठरलेलं पाहिजे. तुम्ही लिहिलंय ना की विभागीय स्पर्धेत जिंकता जिंकता पंचांनी बाहेर काढलं आणि तुम्हाला वाटतं पार्शालिटी झाली. तुम्हीच पुढे लिहिलंय की तिने परत परत पाय धरला. ताई, पट काढणं हा कुस्तीतला हुकमी डाव, पण ज्युदोत उभ्याने पाय धरून पाडणं २०१० पासून आवळत आणलंय आणि २०१३ पासून तर हात कमरेखाली गेला की शिक्षाच, आता त्याला शिदो म्हणजे ताकीदवजा शिक्षा देतात आणि तीन शिदो झाले की बाद. पंचांनी बरोबर केलं. आदल्या संध्याकाळपर्यंत तालमीत पट काढणारं अंग दुसऱ्या दिवशी मॅटवर ते विसरणार कसं, दमल्यावर तर सवयच वर येते. म्हणून स्पर्धेच्या आधीचे पाच-सहा आठवडे फक्त ज्युदो, त्याच्या नियमाने, आणि सीझन संपला की मग कुस्ती, बॉक्सिंग, जे आवडेल ते मनसोक्त. कराटेचं मात्र मला स्पष्ट मत द्यायचंय, ते सध्या थांबवा. खेळ वाईट म्हणून नाही. पण पहाटे साडेचारला उठवून जी झोप मोडली जाते ती ह्या वयाला आठ ते दहा तास लागते, आणि तिला मिळतेय साडेपाच. अभ्यास कुठून होणार, अकरावीचे मार्क ह्या झोपेत गेलेत.

जिमबद्दल तुम्हाला शेजारणीने सांगितलं की पोरीची उंची खुंटेल आणि अंग पोरांसारखं होईल, ते मनातून काढून टाका, शिकवणारा माणूस जाणकार असेल तर वजन उचलण्याने उंची खुंटत नाही, उलट गुडघे आणि खांदे वाचतात. ताकदीचा व्यायाम तिने करावाच. पण तो आठवड्यातून दोनदा पुरे, स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप, रोईंग, खांद्यावरचा प्रेस, पाऊण तास ते तास, वजन हळूहळू वाढवत, आणि दोन वेळांच्या मध्ये निदान दोन दिवस. रोज रात्री सव्वा तास आणि वर पहाटे पाच किलोमीटर, ह्याने ताकद वाढत नाही, अडकते. जड ताकदीचा आणि लांब पळण्याचा व्यायाम रोजच्या रोज एकत्र रेटला की काही आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते आणि मग खालीही येते, हे १९८० मध्येच प्रयोग करून दाखवलेलं आहे. ज्या दिवशी पायाचा जड व्यायाम त्या दिवशी रँदोरी, म्हणजे ज्युदोतली सरावाची मोकळी झुंज, नको, आणि रविवारी स्वतःच्या सरावाला पूर्ण सुट्टी, म्हणजे खरोखरची सुट्टी, शेतात कामाला पण नाही. अर्थात हे सगळं डॉक्टरने परवानगी दिल्यानंतरचं बोलतेय, नडगी बरी होईपर्यंत पळणं आणि उड्या बंदच.

आता रस्ते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी ५० मार्कांची, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, त्यात कुठलीही मारामारीची कला विचारत नाहीत, मग १०० मार्कांची लेखी, वय १८ पूर्ण लागतं. पीएसआयला आधी पदवी आणि मग एमपीएससी. बीपीएड पदवीनंतर दोन वर्षांचं, त्याला सीईटी असते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव तुम्ही काढलंय, १९१४ पासूनची संस्था आहे, जरूर बघा. विजय चौधरींचं उदाहरण पप्पा रोज देतात असं लिहिलंय. बरोबर आहे, आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा माणूस तीनदा महाराष्ट्र केसरी होऊन डीवायएसपी झाला, अभिमान वाटावा असंच आहे, पण ते एकाच खेळात, कुस्तीत, मुरले, हेही पप्पांनी त्याच दमात सांगायला हवं.

आणि आता ती एक ओळ. 'ती म्हणते मला रविवारी लहान पोरींना पडायला शिकवायला आवडतं, तेवढा एकच क्लास ती हसत जाते.' तुम्ही हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय, की स्वतःची प्रॅक्टिस सोडून दुसऱ्यांच्या पोरींत वेळ घालवते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. ज्युदोत पडायला शिकवणं हे सगळ्यात आधीचं आणि सगळ्यात जपून करायचं काम, त्याला धीर लागतो, नजर लागते, घाबरलेल्या पोरीचा हात कधी सोडायचा ते कळावं लागतं, आणि सतरा वर्षांच्या मुलीवर कोच ते काम सोपवतात ह्याचा अर्थ तिच्यात ते आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात महिला कोच शोधून सापडत नाही आणि त्याच एका कारणाने कितीतरी आया पोरींना पाठवत नाहीत. तेव्हा पोलीस भरती बाजूला ठेवा, निदान आत्ता. तिने पदवीला प्रवेश घ्यावा, विषय तिच्या आवडीचा, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ ज्युदो खेळावं, आणि पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंगचा डिप्लोमा. लोक त्याला एनआयएस म्हणतात. तो एकाच खेळातला असतो, चार खेळांतला नाही, हेही पप्पांच्या कानावर घाला. आधी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पण असतो तिथे, त्याने अंदाज येईल. पण हे मी सुचवतेय, ठरवायचं तिने. तिला हे नको असेल आणि तिला वकील व्हायचं असेल तर तेही चालेल, ज्युदो तरीही खेळता येतो.

पप्पांशी तुम्ही एकट्या बोलू नका, वाद होईल आणि तुम्ही मागे घ्याल. जळगावच्या कोच सरांना मध्ये घ्या, त्यांना पाळीचं आणि पाणी बंद केल्याचं स्पष्ट सांगा, लाजू नका, चांगल्या कोचला हे माहीत असणं गरजेचंच असतं, आणि ते जर म्हणाले की चालतं हो असं, तर कोच बदला. पण त्याच्याही आधी, ह्याच आठवड्यात, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, तिला सोबत घेऊन, हिमोग्लोबिन वगैरे सगळं तपासून घ्या, नडगीसाठी हाडाच्या डॉक्टरकडे, खाजगी परवडत नसेल तर जळगावच्या शासकीय रुग्णालयात जा. डॉक्टरला जेवणाचं आणि रेनकोटचं खरं खरं सांगा, नाहीतर ते टॉनिक लिहून देऊन मोकळे होतील. बारावीला खेळाचे सवलतीचे मार्क मिळू शकतात, त्याचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो, कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना आत्ताच भेटून तारीख विचारून ठेवा आणि फक्त शालेय आणि अधिकृत स्पर्धांचे कागद सोबत न्या, बेल्टची फाईल घरीच ठेवा.