केमिस्ट्रीची मुलगी, इतिहासाचं एम.ए. आणि पणजोबांची पेटी

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. आम्ही पाटण तालुक्यातले. घरात तिच्या पणजोबांच्या वेळची पेटी आहे, तिच्यात मोडी लिपीतले जमिनीचे आणि वतनाचे कागद. गेल्या मे महिन्यात ती मोडी शिकली आणि आता म्हणते, इतिहासातच एम.ए. करायचं. ओळखीतले एक जण म्हणाले, सायन्सवाल्यांना तो प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी पुढे नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देता येत नाही. दुसरे म्हणतात, मुक्त विद्यापीठातून करा. तिसरे म्हणतात, त्या पदवीला किंमत नसते. खरं काय? आणि केमिस्ट्रीची तीन वर्षं पाण्यात गेली असं समजायचं का?
– एक पालक, जि. सातारा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शेवटच्या प्रश्नात तुमची खरी काळजी आहे, पण त्याआधी नियम मोकळे करू, कारण ऐकीव नियमांनीच तुमच्या घरातली झोप उडवलेली दिसते.

प्रवेश मिळतो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४ साली पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट घालून दिली, तिच्यात तीन वर्षांची पदवी कुठल्याही शाखेची असली तरी त्या विषयाची प्रवेश परीक्षा पास होऊन दुसऱ्या विषयात एम.ए. करता येतं. ही परीक्षा काही ठिकाणी विद्यापीठ स्वतः घेतं, तर जेएनयूसारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बी.ए.ला इतिहास असलेल्यांना प्राधान्य किंवा वेगळा कोटा असू शकतो. ते त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असतं, आणि ते माहितीपत्रक मुलीने स्वतः वाचावं. विद्यापीठ बदललं तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्र लागेल. ही कागदपत्रं निकाल लागला की लगेच काढायला टाका.

नेटचंही तसंच. त्यासाठी एम.ए. कुठल्या विषयात केलं ते बघतात, बी.एस्सी. आड येत नाही. सहायक प्राध्यापक व्हायला संबंधित विषयात एम.ए. आणि नेट किंवा सेट (तशीच राज्य पातळीवरची परीक्षा) लागते. आपल्याकडची सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

मात्र एक आकडा घराच्या भिंतीवर लिहून ठेवा : ५५ टक्के. नेटसाठी एम.ए.ला खुल्या गटात आणि ईडब्ल्यूएसमध्ये किमान ५५ टक्के हवेत. केंद्राच्या यादीतले नॉन क्रिमिलेअर ओबीसी, एस.सी., एस.टी. आणि दिव्यांग उमेदवारांना ५० चालतात. हे टक्के वर ओढून पूर्ण करत नाहीत. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, वाचन असं की ऐकत राहावं, पण पहिल्या सत्रात ‘नंतर भरून काढू’ म्हणाला आणि शेवटी अर्ध्या टक्क्याने अडला. त्या अर्ध्या टक्क्यासाठी त्याला नंतर दुसऱ्या विषयात नव्याने एम.ए. करावं लागलं. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे व्हायला नको. इतिहासाची उत्तरं लिहायची सवय तिला नाही, त्यामुळे पहिलं सत्र तिला जड जाणार. त्याच सत्रात तिने जास्त जोर लावायचा.

आता अभ्यासक्रमाची रचना. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एम.ए. ८८ क्रेडिटचं झालं आहे : चार सत्रं, प्रत्येकी २२. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रत्यक्ष कामाचे असतील तर ३० तास. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिट झाल्यावर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा आहे, पण त्या पदविकेवर नेट देता येत नाही, म्हणून तो रस्ता अडचणीच्या वेळेसाठीच ठेवा. क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात. अपार आयडीवरचं (विद्यार्थ्याच्या ओळखक्रमांकावरचं) नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरश: सारखं आहे का, ते आजच तपासा.

या ८८ पैकी बहुतेक क्रेडिट मुख्य आणि ऐच्छिक पेपरांची. प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक भारत, मराठ्यांचा इतिहास, इतिहासलेखन ही त्यांची साधारण वाटणी. मला बोलायचंय ते उरलेल्या १८ क्रेडिटबद्दल. संशोधन पद्धतीची ४, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची ४, आणि दुसऱ्या वर्षातल्या संशोधन प्रकल्पाची ४ अधिक ६. बहुतेक मुलं हा भाग उरकतात. कुठल्या तरी कार्यालयातून शिक्का आणतात, प्रकल्प आदल्या वर्षीच्या फायलीवरून उतरवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पेपर सगळ्यांचे सारखेच असतात, आणि पुढे मुलाखतीत, पीएच.डी.च्या प्रवेशात ‘तू स्वतः काय केलंस?’ एवढंच विचारलं जातं. त्याचं उत्तर या १८ क्रेडिटमध्येच तयार होतं.

तुमच्या मुलीकडे ते उत्तर आत्ताच पेटीत पडलेलं आहे. एका घराचे, एका गावाचे मोडी कागद वाचून, त्यांची यादी करून, त्यातली माणसं, शेतं आणि देणी-घेणी उलगडणं हा एम.ए.चा सुरेख प्रकल्प होतो. ट्रेनिंगच्या १२० तासांसाठी जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुराभिलेख विभागाकडे रीतसर अर्ज करता येईल. मुंबईखेरीज कोल्हापूर आणि पुण्यालाही या विभागाची अभिलेखागारं आहेत. पुण्याला पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईच्या कारभाराचे कागद, आहे आणि त्याच शहरात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तालुक्या-तालुक्याला मोडी वाचणाऱ्यांची कशी शोधाशोध झाली ते तुम्ही पाहिलंच असेल. जमिनीच्या जुन्या दस्तांसाठी ही गरज पुढेही राहणार आहे.

भाषेचं एक सांगतो. एम.ए.ची उत्तरं मराठीतून लिहिता येतात, पण नेटची इतिहासाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. पहिल्या दिवसापासून रोज काही पानं इंग्रजीतून वाचायची सवय हवी. मध्ययुगात शिरायचं असेल तर फारसीची तोंडओळख, आणि उद्या गोव्याच्या कागदांत रस वाटला तर पोर्तुगीज.

मुक्त विद्यापीठाबद्दल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो किंवा इग्नू, मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने लेखी सांगितलेलं आहे. नेट, सेट, स्पर्धा परीक्षा सगळीकडे चालते. तरीही विषय बदलून येणाऱ्या मुलीला मी वर्गात बसायला सांगेन. विभागातलं ग्रंथालय, शिक्षकांशी वाद घालणं, सोबतच्यांच्या वह्या, हे घरी मिळत नाही. पैशांची किंवा घरची अडचण असेल तरच दूरस्थ, आणि तेव्हा मनात कमीपणा ठेवायचा नाही.

नोकरीचं गोड चित्र मी रंगवणार नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या निघतात, नेट झालेली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला ५० टक्के आणि बी.एड. लागतं. यूपीएससी-एमपीएससीला नुसती पदवी पुरते, त्यामुळे केवळ त्यासाठी दोन वर्षं घालवू नयेत.

आणि आता केमिस्ट्री. तीन वर्षं पाण्यात गेलेली नाहीत. तुमच्या पेटीतले जुने कागद बहुधा हातकागद असतील आणि शाई काजळीची. असे कागद दोनशे वर्षांनीही वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तो आतल्या आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. लोहयुक्त शाई तर कागदाला अक्षरशः भोकं पाडते. हे थांबवायचं कसं, हा रसायनशास्त्राचाच प्रश्न आहे. तो समजणारी आणि शिवाय मोडी वाचणारी माणसं फार थोडी. जुन्या वस्तू-कागदांच्या संवर्धनातच एम.ए. करायचं असेल तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज आहे, पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाची वर्षभराची पदविकाही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. ते तिने एकदा डोळ्यांनी पाहून यावं, मग तिचं तीच ठरवेल.

तोवर दोन कामं. बी.एस्सी. नीट टक्क्यांनी पूर्ण करायची, पदवीचं ऐच्छिक चौथं वर्ष केमिस्ट्रीत घालवायचं नाही. आणि पेटीतल्या कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. ऊन देऊ नका. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्या फोटोला क्रमांक द्या, आणि जो कागद ज्या कागदात गुंडाळलेला आहे तो तसाच राहू द्या, कारण कशासोबत काय ठेवलं होतं हीसुद्धा तिला उद्या लागणारी माहिती आहे.