“त्याला तिथेच कायमचं ठेवता येईल का?”

मनोरुग्णालयातून “पेशंट आता स्थिर आहे, घरी न्यायची तयारी करा” असा फोन आला की घरच्यांना हायसं वाटत असेल, असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत त्या फोनने धसका बसतो. मग घरातलं कुणीतरी मला एकटीला गाठून विचारतं, “मॅडम, त्याला तिथेच कायमचं ठेवता येईल का? पैसे काय लागतील ते देऊ.” सिंधुदुर्गात मनोविकार असलेल्यांच्या कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. आजार अंगात होता तेव्हा या माणसांनी जे दिवस काढले, ते पुन्हा येतील ही भीती त्यामागे असते.

सुहासच्या दादानेही हेच विचारलं होतं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, सुहासला आणि त्याच्या आईला विचारून हे लिहिते आहे.)

घर मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगत. दादाचा संसार विरारला. घरी आई आणि सुहास, दोघंच. सुहास विशीत ट्रॉलरवर खलाशी होता. पंचविशीच्या आसपास तो बोटीवर कुणाशी बोलेनासा झाला, मग जेवणात काहीतरी घालतात म्हणून आपलं ताट समुद्रात ओतू लागला. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, त्याला घरी पाठवलं. पुढची काही वर्षं देवापुढची गाऱ्हाणी, नवस, एक-दोन डॉक्टर आणि अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांत गेली. शेवटीशेवटी तो रात्रभर विहिरीकडच्या खिडकीशी उभा राहून कुणालातरी उत्तरं देत असे. एका संध्याकाळी त्याने कोयता घेऊन शेजाऱ्यांच्या दारावर घाव घातले. कुणाला लागलं नाही. त्या रात्री वाडीतल्या माणसांनी त्याला पडवीच्या खांबाला सुंभाने बांधलं आणि सकाळी गाडी करून रत्नागिरीला नेलं.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिश काळापासूनचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. आमच्याकडे “ह्येका रत्नांग्रीक धाडूक व्हयो” हे साध्या भांडणातही बोललं जातं, त्यामुळे खरंच धाडायची वेळ आली की आईला वाटतं, पोरगा हातचा गेला. सुहासला तिथे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषधं लागू पडली, झोप आली, आवाज कमी झाले. आणि मग तो फोन आला.

दादाला मी सरळ सांगितलं, कायमचं ठेवता येणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. ज्याला स्वतःचा निर्णय घेणं त्या वेळी जमत नाही, त्याला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (बहुतेक वेळा घरच्याच कुणाच्या) अर्जावरून दाखल करता येतं, पण त्याआधी एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, आणि असं दाखल करणं फार तर ३० दिवसांसाठी. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी, या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी आणि पुन्हा ठरावीक मुदत. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की माणसाला घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणावरून त्याला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. हे कलम उगाच आलेलं नाही. १९१२ च्या जुन्या कायद्याखाली आणि त्यानंतरही कितीतरी माणसं बरी होऊनही केवळ न्यायला कुणी आलं नाही म्हणून तिथेच म्हातारी झाली.

दादा म्हणाला, “कायदा बरोबर असेल मॅडम. पण रात्री घरात म्हातारी एकटी आहे. तिथे कायदा येणार आहे का?”

त्याचं म्हणणं रास्त होतं. मनोरुग्णालयं बंद करा, सगळ्यांना घरी पाठवा, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. अमेरिकेत १९६३ साली गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याचा कायदा झाला. मोठ्या रुग्णालयांतल्या खाटा भराभर कमी झाल्या, पण पुरेशी केंद्रं काही उभी राहिली नाहीत, आणि त्यातली अनेक माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात पोचली. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ ला आला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ ला. त्यामुळे आज जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ भेटतो आणि ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी पथक येतं. मनुष्यबळ अपुरं आहे आणि डोंगराआडच्या वाडीपर्यंत कुणी पोचतंच असं नाही. तरी ज्या घराला ही सोय नीट वापरता येते, त्या घरात फरक पडलेला मी पाहिला आहे.

मग मी आईशी बोलले. “काकी, नेमकी कसली भीती वाटते?” असं विचारल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दिसाचा काय नाय गो बाय. रातीचा माका भंय वाटता. तो निजलो नाय तर मी कोणाक हाक मारू?”

हा प्रश्न ‘कायमचं ठेवा’पेक्षा कितीतरी सोपा आहे, कारण याला उत्तर देता येतं. भीती इतकी नेमकी कळली की तिच्यावर काम करता येतं. म्हणून घरच्यांना मी ‘काळजी करू नका’ असं सांगत नाही, नक्की काय होईल असं वाटतं तेच विचारत राहते. सुहासच्या बाबतीत तयारी डिस्चार्जच्या आधीच सुरू केली. घरी पाठवण्यापूर्वी पेशंट, घरचे आणि पुढे उपचार करणारा डॉक्टर यांच्याशी बोलून योजना ठरवावी, असं कायदाच सांगतो. तुमच्याशी असं कुणी बोललं नसेल तर तुम्ही होऊन मागा. थोडे दिवस सुट्टीवर घरी पाठवून बघण्याचीही तरतूद आहे. आम्ही आधी तेच केलं.

नारळ सोलायचा-फोडायचा कोयता शेजारच्या चुलतभावाच्या घरी गेला, लागेल तेव्हा मागून आणायचा. दारू घरात नाही आणि सुहासला कुणी पाजायची नाही, हे चुलतभावाने त्याच्या जुन्या बोटीवरच्या मित्रांना बजावलं. उपचार चालू असलेली माणसं बहुतेक करून कुणाच्या वाटेला जात नाहीत. औषध तुटलेलं असणं आणि वर दारू, ही जोडी मात्र धोक्याची. आजार उलटतोय याची सुहासची पहिली खूण आईला पक्की ठाऊक होती: विहिरीकडची खिडकी तो दिवसाढवळ्याही लावून घ्यायचा. खिडकी लागली किंवा दोन रात्री झोप नाही, की आशाताईंना (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) फोन. त्यांनी मला किंवा ग्रामीण रुग्णालयात कळवायचं. रात्रीच काही झालं तर चुलतभावाला हाक, गरज पडली तर १०८. आणि नुसतं बोलायला, विचारायला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, जो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काकींनी तो कॅलेंडरमागे अडकवला.

त्या कागदावर सुहासनेही एक ओळ लिहायला लावली. घरी जाण्याआधी त्याला विचारलं होतं, तुझी काय अट आहे. तो म्हणाला, “माका परत बांधू नका.” त्याच्या उजव्या मनगटावर सुंभाचा वळ तेव्हाही दिसत होता. मनोविकार असलेल्याला कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवायला या कायद्याने बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीला लागलेल्या आगीत २८ माणसं मेली, ती साखळ्यांना बांधलेली होती म्हणून पळू शकली नाहीत. वाडीतल्या ज्यांनी सुहासला बांधलं ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. पण घाबरलेल्या हातांतही सुंभ येऊ नये म्हणूनच दुसरं काय करायचं ते आधी ठरलेलं लागतं. आजार वाढला तर आपल्याशी कसं वागावं हे आधीच लिहून ठेवण्याची रीतसर सोय कायद्यात आहे. आमचा कागद साधाच होता, पण चुलतभावाने तो वाचून खाली सही केली.

औषधाचं सांगते, कारण बहुतेक घरं तिथेच अडकतात. रोजच्या गोळ्या सुहास जिभेखाली धरून नंतर थुंकायचा आणि आई तोंड उघडून दाखव म्हणायची, यावरून रोज भांडण. घरात सतत पाळत आणि टोमणे असले की आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे गेल्या साठ वर्षांत अभ्यासांतून वारंवार दिसलंय. डॉक्टरांनी मग महिन्यातून एकदा द्यायचं इंजेक्शन सुरू केलं, तेही ग्रामीण रुग्णालयात, पैसे न घेता. भांडण संपलं. पण थोड्याच दिवसांत त्याचे हात थरथरू लागले. तो घरी बसून फाटलेली जाळी दुरुस्त करायचा, आणि सुई जाळ्याच्या डोळ्यातून जाईना. पुढच्या वारी तो यायलाच तयार नव्हता. “हात गेले तर बरो होवन काय करू?” त्याचं बरोबर होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, थरथरीवरची गोळी दिली, आणि काही आठवड्यांत सुई पुन्हा डोळ्यातून जाऊ लागली. पेशंट औषध टाळतो म्हणून घरचे तक्रार करतात तेव्हा त्या औषधाने त्याचं नेमकं काय बिघडवलंय हे त्याला विचारावं. बहुतेकांकडे उत्तर असतं.

जाळी चांगली शिवतो म्हणून त्याला रापणीवर बोलावणं आलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. ओढायला पुष्कळ हात लागतात आणि जो ओढतो त्याला वाटा मिळतो. काहींनी नाक मुरडलं. रापणीतले एक जाणते म्हणाले, “हात आसत मां तेका? मग येवंदे.” पहिल्या दिवसाचा वाटा म्हणून थोडे बांगडे आणि तारली आईपुढे ठेवून तो झोपायला गेला. काकींनी शेजाऱ्यांना, ज्यांच्या दारावर घाव बसले होते त्यांना, त्यातले निम्मे नेऊन दिले. शेजाऱ्यांनी घेतले. माझ्या एकाही सत्राने झालं नसतं असं काम त्या बांगड्यांनी केलं, असं मला अगदी मनापासून वाटतं. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं होतं, आणि घरची माणसं बरोबर असली की पेशंट लवकर घरी जातात हे दाखवून दिलं होतं. मला कुणी सोबतीचं महत्त्व विचारलं की मी त्या तंबूंबद्दल सांगते.

पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पुढच्या वर्षी गणपतीत विरारचं सगळं बिऱ्हाड आलं, घर भरलं, भजनं पहाटेपर्यंत चालली. त्या गडबडीत इंजेक्शनचा वार हुकला. सुहास तीन-चार रात्री नीट झोपला नाही आणि गौरी गेल्या त्या दिवशी खिडकी बंद झाली. काकींनी कागद काढला. आशाताई आल्या तेव्हा सुहासच म्हणाला, “आवाज परत इले. माका न्या.” या वेळी त्याला कुणी बांधलं नाही. तो चुलतभावाबरोबर गाडीत बसून गेला, स्वतःच्या सहीने दाखल झाला आणि काही आठवड्यांनी परत आला. दादा हताश होऊन म्हणाला, “म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?” मला तसं वाटत नाही. पहिल्या वेळी वर्षं गेली होती, या वेळी चार दिवसांत तो उपचारापर्यंत पोचला. रुग्णालय लागलं, पुढेही लागेल कदाचित. डायबिटीसवाल्याची साखर कधी फार वाढली तर त्यालाही दाखल करतातच. गणपतीसाठी आता ठरलंय की रात्री दहानंतर सुहास चुलतभावाच्या घरी झोपायला जातो आणि इंजेक्शन आठवडाभर आधी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारून ठेवायचं. गाऱ्हाणंही घालतात, ते थांबवा असं मी कधी म्हटलेलं नाही. गाऱ्हाणं घाला, इंजेक्शन चुकवू नका, एवढंच.

आता काकींचा दुसरा प्रश्न उरलाय. “माझ्यामागे तेका कोण बघतलो?” याला नेमकं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांना घर उरत नाही त्यांच्यासाठी गटघरं, निवारे सरकारने उभारावेत असं कायदा म्हणतो. आमच्या भागातल्या गरजेला पुरतील इतके ते मला दिसत नाहीत, आणि याबद्दल प्रत्येक बैठकीत बोलायचं मी सोडणार नाही. तोवर जे हातात आहे ते करतोय. दिव्यांगत्वाचा दाखला मिळालाय, त्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज गेलाय. सुहासने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून दादाचं नाव दिलंय, म्हणजे उपचारांच्या निर्णयात सुहासच्या बाजूने बोलायचं काम आता त्याचं. ज्याने कायमचं ठेवायचं विचारलं होतं, त्याने हे मान्य केलं. वडिलांच्या नावावरच्या घरात आणि जागेत सुहासचं नाव लावायचं राहिलंय. दादा दिवाळीत येतोय, तेव्हा तिघांनी तलाठ्याकडे जायचं ठरलंय.