आवाजावर जाऊ नका, श्वास मोजा

प्रश्न : नात आठ महिन्यांची आहे. चार दिवस सर्दी-खोकला, अंगात कणकण, रात्री छाती घरघरते. सून म्हणते धाप लागलीय, मी म्हणते नाक चोंदलंय. सिस्टर, घरच्या घरी कळायचं कसं? आणि हळद-मध चाटवला तर चालेल ना?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, हा वाद कानाने नाही, घड्याळाने सुटेल. चोंदलेल्या नाकाची घरघर शेजारच्या खोलीपर्यंत जाते आणि बाळ मजेत खेळत असतं. न्यूमोनियात पुष्कळदा आवाज काहीच नसतो, श्वास मात्र भराभर चालतो.

नाक भरलेलं असेल तर आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे दोन-दोन थेंब घाला, पुसून घ्या आणि बाळाला शांत होऊ द्या. रडताना किंवा अंगावर पिताना मोजलेला आकडा फुकट जातो. झोपली असेल तर उत्तमच, उठवू नका. झबलं हळूच वर सरकवा, पोटावर नजर ठेवा, पोट वर आलं की एक. मोबाइलवर टायमर लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची पद्धत इथे नको. तान्ह्या मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. मधेच काही क्षण थांबतो, मग घाईने धावतो, त्यामुळे पाव मिनिटाचा हिशेब हमखास चुकतो.

दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. दोन महिन्यांच्या आत ६० ची रेघ, आणि ती ओलांडली तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. तापातही वेग थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. पण नातीचा आकडा तेव्हाही ५० किंवा वर राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मोजून झालं की बरगड्यांची खालची कड बघा. श्वास घेताना छाती बाहेर यायला हवी. तोच भाग आत खेचला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, निघा. बाळ दूध ओढेना, घेतलेलं सगळं ओकून टाकतंय, झटके आले, हाक मारली तरी गुंगीतच आहे, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा, नाहीतर सरळ एम. वाय. किंवा चाचा नेहरू रुग्णालय गाठा.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटाला लावूनसुद्धा नाही. त्यातल्या जंतूच्या बीजांमुळे तान्ह्या मुलांना लुळेपणा येऊ शकतो. कफ सिरपही नको. २०२५ साली छिंदवाड्यात भेसळीच्या सिरपने मुलांच्या किडन्या निकामी झाल्या, ते आपल्या प्रदेशात कोणी विसरलेलं नाही. आणि सिरप चांगलं असलं तरी या वयात त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. जुलाब लागले म्हणून ओआरएसचं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घालून पाजलं. उलटी झाली, जुलाबही वाढले. पावडर खराब असेल का?
— एक वडील, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पावडर चांगली असणार, पाणी कमी पडलं. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. अर्धं पाकीट २०० मिलीत म्हणजे अडीचपट दाट. असं पाणी आतड्यात शरीरातलंच पाणी ओढून घेतं, आणि रक्तातलं मीठ वाढतं ते वेगळंच. २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाठीमागचं वाचूनच फोडा. लिटरची बाटली उकळून गार केलेल्या पाण्याने भरा, पाकीट संपूर्ण रिकामं करा. वर साखर नको, मिसळल्यावर उकळायचं नाही, २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

पाजायचं घोटाघोटाने, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा, आणखी सावकाश. प्रत्येक पातळ शीनंतर त्याला १०० ते २०० मिली द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला याच्या निम्मं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं झिंक, या वयाला रोज २० मिग्रॅ, १४ दिवस पुरं करा. जुलाब थांबले की बाटली कपाटात जाते, तिथेच घोळ होतो.

पाणी किती कमी झालंय ते पोटावर बघतात. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध कातडी चिमटीत उभी धरा, सोडा. घडी मोडायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर लगेच दवाखान्यात. मात्र गुबगुबीत मुलाची कातडी पाणी कमी असूनही चटकन बसते आणि रोडक्या मुलाची उगाचच रेंगाळते. तेव्हा खोल गेलेले डोळे आणि आधाशासारखं पिणंही बघा.

वरण-भात, ताक चालू ठेवा. आपली इंदुरी शिकंजी मात्र नको. ती नावाचीच शिकंजी, खरी जात रबडीची.

प्रश्न : पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स संपले, घरात सिरप आहे. मुलगी १० किलोची. ड्रॉप्सइतकेच मिली द्यायचे का?
— एक आई, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरते, एका वेळी किलोमागे १० ते १५. तुमच्या मुलीला जास्तीत जास्त १५० मिग्रॅ. मिलीला १०० मिग्रॅ असलेले ड्रॉप्स असतील तर ते दीड मिली, ५ मिलीत १२० वालं सिरप सव्वासहा मिली, आणि ५ मिलीत २५० वालं फक्त ३ मिली. याच्या उलट चूक धोक्याची : ‘पाच मिली’ लक्षात ठेवून ड्रॉप्स पाच मिली पाजले, तर ५०० मिग्रॅ एका घोटात पोटात जातं. घरातले चमचे लहान-मोठे असतात, सिरिंजने मोजा. दोन मात्रांत चार ते सहा तास ठेवा, दिवसात चारच्या वर नको, आणि सोबत सर्दीचं औषध असेल तर त्यातही पॅरासिटामॉल आहे का ते लेबलवर बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत ९९.५ फॅरनहाइट किंवा वर भरलं, तर यातलं काहीच घरी द्यायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.